कहाणीला सारे ठाऊक असते

इ. स. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ ही आपली अद्भुतरम्य कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या प्रस्तावनेत त्यांनी वाचकांपुढे एक कैफियत मांडली होती. आम्हां लोकांच्या विवाहादी चालीरीतीच अशा आहेत की, आमच्या आयुष्यात मन वेधून घेणारे गुणही आढळत नाहीत आणि मन वेधून घेणारे दोषही आढळत नाहीत. नित्याच्या अनुभवाचे वर्णन करावे तर त्यात वाचकाला गोडी वाटणार नाही, आणि म्हणून मनोरंजक ग्रंथ रचू इच्छिणाऱ्यास अद्भुताचा आश्रय करणे भागच पडते, असा तिचा आशय होता. पुढे वास्तववादाचे दिवस आले, आणि ही कैफियत म्हणजे जीवनाकडे पाठ फिरविलेल्या एका पिढीचा कबुलीजबाब होय, असा टीकाकारांनी तिचा निकाल लावला. मला मात्र ती वाचताना दर वेळी निराळेच काही जाणवते. येथे एक लेखक आपल्या अद्भुत नगरीच्या वेशीवर उभा राहून, आत पाऊल टाकण्यापूर्वीच, पुढे जे दिसणार आहे ते रचलेले आहे आणि अमुक कारणाने रचलेले आहे, हे वाचकाला हात धरून सांगत आहे. आणि ते सांगून झाल्यावरही वाचक आत येईल, राजपुत्राबरोबर वणवण करील आणि राजकन्येसाठी झुरेल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. ती शंका त्याला का वाटली नाही, हाच माझ्या या प्रस्तावनेचा विषय आहे.

आपण कहाणी आहोत याची जाणीव असलेली आणि ती जाणीव उघडपणे बोलून दाखविणारी कहाणी आज इंग्रजी अद्भुतिकेत फार लोकप्रिय आहे. विल्यम गोल्डमन यांची ‘द प्रिन्सेस ब्राइड’ १९७३ साली निघाली, तिच्यात एस. मॉर्गेनस्टर्न नामक एका काल्पनिक ग्रंथकाराच्या अवाढव्य ग्रंथाचा आपण केवळ संक्षेप करीत आहोत, असा बहाणा लेखकाने आरंभापासून शेवटपर्यंत चालविला आहे. टेरी प्रॅचेट यांच्या ‘विचेस अब्रॉड’ या १९९१ च्या कादंबरीत एक चेटकीण साऱ्या नगराला परीकथांच्या साच्यात कोंबते, आणि तिची सख्खी बहीण त्या साच्याविरुद्ध उभी राहते. ‘श्रेक’ हा २००१ सालचा चित्रपट तर आपल्याकडील मुलांनाही तोंडपाठ झाला आहे. या साऱ्यांवरून एक मत सर्वत्र रूढ झालेले दिसते. ते असे की, परीकथेचे आत्मभान हे थकलेल्या युगाचे अपत्य आहे. एके काळी भोळेपणाने ऐकलेल्या गोष्टी ज्या पिढीला आता खऱ्या वाटेनाशा झाल्या, तिने त्या गोष्टींना डोळा मारून पाहण्याची ही तजवीज आहे. हे मत मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी मला परदेशी जाण्याची गरजही वाटत नाही; श्रावणातल्या कोणत्याही एका वाराला आपल्या घरातल्या देवघरापाशी बसले तरी पुरे आहे.

आपल्या व्रतकहाण्यांची घडण नीट पाहावी. आरंभी कहाणी सांगणारी बाई ज्या देवतेची कहाणी असेल त्या देवतेलाच हाक मारते आणि तुमची कहाणी तुम्ही ऐका, असे तिला सांगते. कथेतील मुख्य पात्रालाच कथेच्या श्रोत्याच्या पाटावर आणून बसविण्याचे हे धाडस जगाच्या वाङ्मयात सहसा आढळत नाही. आणि आमच्या आज्यापणज्यांनी ते इतक्या सहजपणे केले की, त्यात काही धाडस आहे हे आमच्या लक्षातही आले नाही. मग येते आटपाट नगर, ज्याला जिल्हा नाही, तालुका नाही आणि ज्याचा दाखला कोणत्याही दप्तरात मिळणार नाही; तेथील राजा, त्याच्या आवडत्या नि नावडत्या राण्या, गरीब ब्राह्मण, रानात भेटणाऱ्या नागकन्या. शेवटी कहाणी आपला हिशेबही स्वतःच देते: मूळची मी साठ उत्तरांची होते, येथे पाच उत्तरांत पुरी झाले. गोल्डमन यांनी कल्पनेतल्या जाडजूड ग्रंथाचा संक्षेप करण्याची जी युक्ती योजिली आणि जिच्यासाठी समीक्षकांनी त्यांना आधुनिकोत्तर ठरविले, ती हीच. फरक इतकाच की, गोल्डमन संक्षेपाची हकीगत रंगवून रंगवून सांगतात, आणि आमची कहाणी ती एका श्वासात सांगून मोकळी होते. ती गाळलेली पंचावन्न उत्तरे कोणती, त्यांत काय होते, हा प्रश्न लहानपणी ज्याला पडला नाही असा श्रोता विरळा. न सांगितलेल्या त्या भागानेच कहाणीला तिची खोली दिली आहे.

रविवारी वाचल्या जाणाऱ्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर हे आत्मभान कथानकाच्या गाभ्यापर्यंत उतरले आहे. समिधा-फुलांसाठी रानात गेलेला गरीब ब्राह्मण तेथे नागकन्या-देवकन्यांना वसा वसताना पाहतो, तो वसा आपणही घेतो, आणि त्याला बरे दिवस येतात. त्याच्या दोन मुलींपैकी एक राजाच्या घरी पडते, दुसरी प्रधानाच्या. पुढे बाप मुलींचा समाचार घ्यायला जातो. राजाच्या घरची लेक त्याला गूळपाणी देते. तो म्हणतो, आधी माझी कहाणी ऐक. तिला वेळ नाही. राजा शिकारीला निघाला आहे, त्याच्या जेवणाची घाई आहे. बाप तसाच उठून दुसरीकडे जातो. प्रधानाच्या घरची लेक पाट मांडते, मोती हातात घेते आणि मनोभावे ऐकते. येथून पुढचे सारे बरेवाईट या एका क्षणावर टांगलेले आहे. न ऐकणारीच्या घरी दारिद्र्य येते. ती आपल्या मुलांना एकामागून एक मावशीकडे धाडते. मावशी कधी कोहळा पोखरून त्यात होन-मोहरा भरून देते, कधी काठी पोखरून, कधी नारळ पोखरून. आणि वाटेत सूर्यनारायण कधी माळ्याच्या, कधी गुराख्याच्या रूपाने येऊन ते द्रव्य हिरावून नेतो. शेवटी ती स्वतःच बहिणीच्या दारी जाते आणि जे ऐकायचे राहून गेले होते ते ऐकते.

पण कहाणीचे खरे वैभव त्याच्याही पुढे आहे. राजा तिला परत न्यायला येतो, ती निघते, आणि वाटेत प्रत्येक मुक्कामावर ती आपल्या कहाणीसाठी श्रोता शोधू लागते. जिने ऐकले नव्हते तीच आता ऐकणारा मिळावा म्हणून माणसे धाडते! एकदा मोळीविक्या सापडतो. ती सहा मोती घेते, तीन त्याला देते, तीन आपल्यापाशी ठेवते, आणि सांगते. त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. पुढच्या मुक्कामी एक माळी भेटतो, त्याच्या मळ्यातील विहिरीला पाणी नाही. तो ऐकतो आणि विहीर भरते. त्यापुढे एक म्हातारी, जिचे मुलगे दुरावले आहेत. त्यापुढे एक असा अभागी, ज्याच्या देहाला धड आकारही उरलेला नाही. ऐकून झाल्यावर यांतला प्रत्येक जण विचारतो की, नुसती कहाणी ऐकल्याचे हे फळ, तर वसा घेतल्याचे फळ केवढे असेल. या प्रश्नापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. कारण त्या मोळीविक्याला ऐकविलेली कहाणी कोणती, हे कहाणी कोठेही निराळे सांगत नाही. बापाने लेकीला सांगू पाहिलेली कहाणी कोणती, हेही सांगत नाही. आपल्या कानांवर जी पडते आहे तीच ती असली पाहिजे, दुसरी कोणती असणार? मग ज्या कहाणीत लेकीने ऐकण्यास नकार दिला तीच कहाणी बाप त्या लेकीला नकारापूर्वीच ऐकवायला आला होता, असे होते. आणि हातात अक्षता घेऊन पाटावर बसलेली घरातली सून मोळीविक्याच्याच रांगेत जाऊन बसते. कहाणीने श्रोत्याला आपल्या पोटात घेतले, आणि हे तिने एकही तात्त्विक शब्द न उच्चारता केले.

आत्मभान असलेल्या परीकथेची मोहिनी कोठे आहे, याचे उत्तर मला येथे सापडते. मी केवळ सांगितली जात आहे, मी कोणाच्या तरी मुखातून येत आहे आणि कोणी ऐकले नाही तर मी नाही, असे जेव्हा कहाणी स्वतःच मान्य करते, तेव्हा तिच्या सत्यासत्यतेचा वाद आपोआप मागे पडतो, आणि ऐकणाऱ्यावर एक नवीच जबाबदारी येते. तो आता साक्षीदार राहत नाही. तो त्या व्यवहारातील एक पक्षकार होतो. आटपाट नगर कोठे आहे, हा प्रश्न निरर्थक ठरतो, कारण ते नगर माझ्या ऐकण्यावर उभे आहे, हे मला उघड सांगण्यात आलेले असते. लहान मूल गोष्ट खोटी आहे हे जाणून असते आणि तरीही, काल राक्षसाचा प्राण पोपटात होता, आज तू मैनेत म्हणालीस, म्हणून आजीला अडविते. ते भोळे असते म्हणून नव्हे, तर गोष्ट राखण्याचे काम आपलेही आहे, हे त्याने ओळखलेले असते म्हणून.

हे मी जेथे बसून लिहितो आहे त्या कराव्यात या विचाराला एक निकड येते. बेलापूर पट्टीतील हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल नि उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादन होऊन नवी मुंबई वसली, आणि भातखाचरे नि मिठागरे यांच्यामध्ये वसलेल्या या गावांच्या भोवती सेक्टरांचे आकडे आले. आज गावाच्या एका अंगाला सीवूड्सच्या उंच इमारती आहेत आणि दुसऱ्या अंगाला पाम बीच मार्ग ओलांडला की खाडी. इमारतींतून जी मराठी कुटुंबे गिरगाव-दादरहून, पुण्याहून, कोकणातून येऊन राहिली, त्यांच्याकडे श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लागतो आणि कहाण्यांचे पुस्तक निघते. गावात आगरी लग्नांतून धवलारीण धवळे गाते, आणि देवादिकांच्या कथा आणि चालू असलेला लग्नविधी यांची तिच्या गाण्यात गाठ पडते. या दोन परंपरा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर नांदतात. त्यांची ओळख मात्र अजून व्हायची आहे. धवलारिणीच्या मुखीही कथा आहे, आणि तिच्या कथेलाही आपण कोठे, कोणासमोर आणि कोणत्या कारणाने गाइली जात आहोत याचे पुरते भान आहे. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या अभ्यासाला शिस्त दिली. त्या शिस्तीचे वारसदार म्हणवणाऱ्यांनी या खाडीकाठच्या गावांत अधिक वेळ बसायला हवे होते, असे मला कळकळीने वाटते.

दिव्यांच्या अवसेची कहाणीही येथे आठवल्यावाचून राहत नाही. घरातला जिन्नस स्वतः खाऊन आळ उंदरांवर घालणारी सून. सूड म्हणून पाहुण्याच्या अंथरुणात तिची चोळी नेऊन टाकणारे उंदीर. आणि घराबाहेर घालविलेली ती सून. तिच्या निरपराधीपणाची साक्ष कोणी द्यावी? आषाढी अमावास्येच्या रात्री गावातले सारे दिवे एका झाडावर जमतात आणि आपापल्या घरी काय झाले, कोणी कशी पूजा केली, ते एकमेकांना सांगू लागतात. त्यांतला एक दिवा म्हणतो की, मला यंदा कोणी पुसले नाही, कारण जी पुसत असे ती घरात नाही. आणि तो सारी हकीगत सांगतो. शिकारीहून परतताना त्या झाडाखाली मुक्काम केलेला राजा ती ऐकतो. येथेही उद्धार होतो तो ऐकल्यामुळे, आणि न्यायासनासमोर जे सिद्ध झाले नसते ते दिव्यांच्या गप्पांतून सिद्ध होते.

या दिव्यांना आधुनिक रंगभूमीवर आणले ते माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी. १९८८ च्या सुमाराचे त्यांचे ‘नागमंडल’ हे नाटक मूळ कन्नड, आणि त्यातील लोककथा त्यांना ए. के. रामानुजन यांच्याकडून मिळालेल्या. परंतु त्याचा प्रारंभ पाहताना मराठी प्रेक्षकाला आपल्याच घरी आल्यासारखे वाटते. पडक्या देवळात रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती जमतात आणि घराघरांतल्या गोष्टी बोलू लागतात. तेथे एक गोष्ट स्त्रीरूपाने येते, कारण जिला ती ठाऊक होती ती बाई तिला कोणाला सांगतच नव्हती, म्हणून ती निघून आली आहे. आणि तेथे एक नाटककारही आहे, ज्याला ती रात्र जागून काढल्याखेरीज प्राण वाचण्याची आशा नाही, कारण त्याच्या नाटकांनी आजवर असंख्य प्रेक्षकांना झोपविले आहे. सांगितली न गेलेली गोष्ट कोंडून राहत नाही, ती वाट फोडून बाहेर पडते, ही लोकमानसातील जुनी समजूत कार्नाडांनी नाटकाच्या उंबरठ्यावर ठेवली आणि तिच्यावर सारे नाटक तोलले. गोष्टीला माणसाचे रूप मिळाल्यामुळे तिचे दुःख आपल्याला कळते. हे साध्य करणाऱ्या आधुनिक कृती मला फार थोड्या दिसतात.

रंगभूमीचा विषय निघाला आहे तर हेही नमूद करावे की, मराठी नाटकाचा जन्मच अशा आत्मभानातून झाला. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्या नाटकमंडळ्यांच्या खेळांत सूत्रधार आख्यान गात रंगमंचावरच उभा असे, विदूषक त्याला अडवीत असे, आणि तेवढ्यात आरडाओरडा करीत राक्षस येत. कथा कोण सांगते आहे हे प्रेक्षकांपासून कधीच लपविलेले नव्हते, आणि राक्षस आला म्हणजे भीती वाटण्याचे राहतही नव्हते. आज वाशीच्या ज्या नाट्यगृहाला भाव्यांचे नाव आहे तेथे बालनाट्य पाहायला जमलेली मुले नेमकी तशीच वागतात. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण मुलांशी बोलू लागली की, ही वेष केलेली नटमंडळी आहे हे पक्के जाणणारी मुलेही खुर्चीत मागे सरकतात.

असे असूनही एका धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आत्मभान आणि उपहास यांच्यातली सीमा अरुंद आहे, आणि अलीकडच्या पुष्कळ लेखकांचे पाऊल तिच्यापलीकडे पडले आहे. राजपुत्र भित्रा दाखवावा, राजकन्येने त्याला चार शब्द सुनवावेत, पऱ्यांनी कचेरी थाटावी, आणि वाचकाने, मलाही या गोष्टी आता खऱ्या वाटत नाहीत, असे समाधान मानावे, एवढ्याने कहाणी शहाणी होत नाही. ती केवळ पोरकी होते. विल्यम थॅकरे यांनी, म्हणजे कलकत्त्यात जन्मलेल्या त्या थोर कादंबरीकाराने, १८५४ च्या नाताळाच्या सुमारास ‘द रोझ अँड द रिंग’ ही परीकथा प्रसिद्ध केली. तिच्यातली परी आपल्या जादूच्या देणग्यांनी माणसे बिघडतात हे पाहून उद्विग्न होते आणि पुढच्या बारशांना बाळांना थोडेसे दुर्दैवच वर म्हणून देते. येथे थट्टा आहे, पण तिच्या तळाशी परीचे दुःख आहे, आणि म्हणून ती कथा टिकली. प्रॅचेटही याच जातीचे. त्यांची वृद्ध चेटकीण, म्हणजे साच्याविरुद्ध उभी राहिलेली ती बहीण, परीकथांच्या साच्याशी झुंजते, कारण त्या साच्यात जिवंत माणसे चिरडली जातात, याचा तिला मनापासून संताप आहे. रशियन पंडित व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांचे अवयव वेगळे करून दाखविले, तेव्हापासून हे साचे सर्वांना ठाऊक झाले. त्यांचे ज्ञान असणे ही आता काही विशेष गोष्ट राहिली नाही. त्या ज्ञानानंतरही कथेवर जीव जडतो की नाही, हीच कसोटी. जी. ए. कुलकर्णींनी ‘पिंगळावेळ’मधल्या ‘यात्रिक’ या कथेत, पुस्तकांतल्या वीरगाथा खऱ्या मानून घराबाहेर पडलेल्या डॉन क्विक्झोटला मराठीत आणले. त्या कथेत त्याच्या वेडाला कोठेही हसलेले नाही, आणि म्हणून ती वाचून मन हलते.

आता त्या कथेकडे वळतो, जी या साऱ्या कथांची आदिमाता आहे आणि जी आपल्या महाराष्ट्रभूमीत, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या पैठणात, घडली असे परंपरा मानते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या मनोरंजनार्थ ‘कथासरित्सागर’ रचला, त्याच्या पहिल्या लंबकात ती आहे. शंकर पार्वतीला कोणी न ऐकलेली कथा सांगतात. पुष्पदंत नावाचा गण चोरून ती ऐकतो आणि पत्नीला सांगतो. पार्वती रागावते आणि त्याला, तसेच त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानाला, मनुष्यजन्माचा शाप देते. शापातून सुटका कशी, तर ती कथा मर्त्यलोकी पुढच्याला सांगून आणि पसरवून. माल्यवान गुणाढ्य होऊन जन्मतो आणि सातवाहन राजाचा प्रधान होतो. राजाला व्याकरण सहा महिन्यांत शिकविण्याच्या पैजेत तो शर्ववर्म्याशी हरतो आणि संस्कृत, प्राकृत नि देशभाषा या तिन्हींचा त्याग करून रानात जातो. तेथे पिशाचांची भाषा शिकून, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा तो लिहितो. राजाकडे ग्रंथ पाठविला जातो. पिशाचभाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून राजा तो धिक्कारतो.

मग गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवितो, आणि एक एक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागतो. हरणे, रानडुकरे, रेडे भोवती गोळा होतात. चरणे सोडून, डोळ्यांत अश्रू आणून ती ऐकत राहतात. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस निःसत्त्व होते, राजा आजारी पडतो, वैद्य मांसाचा दोष सांगतात, मांस आणणाऱ्या व्याधांना जाब विचारला जातो, आणि ते म्हणतात की, डोंगरावर कोणी ब्राह्मण पाने वाचून जाळतो आहे, त्याच्यापाशी जनावरे उपाशी बसली आहेत. ज्या कथेला दरबाराने कान दिला नाही तिची वार्ता दरबारात पोचली ती अशी, पोटाच्या वाटेने. कथा ऐकणारा कोण आणि न ऐकणारा कोण, याचा याहून कठोर नि याहून करुण निवाडा मला दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयात वाचायला मिळालेला नाही. राजा धावत जातो तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झालेले असतात; उरलेला एक लक्षांचा भाग, नरवाहनदत्ताची कथा, त्याच्या हाती येते. गुणाढ्य शापमुक्त होऊन निघून जातो. राजा तो ग्रंथ घेऊन प्रतिष्ठानास परततो, गुणाढ्याच्या दोन शिष्यांचा सन्मान करतो, आणि ही कथा भूतलावर कशी आली, कोणी चोरून ऐकली, कोणी लिहिली, कोणी नाकारली आणि कितीशी उरली, हे सांगणारे कथापीठ त्याच भाषेत रचून ग्रंथाच्या आरंभी जोडतो. पहिल्यांदा ज्याने ती ऐकण्याचे नाकारले, त्या सातवाहनाने लिहिलेली ही प्रस्तावना.